भुयारातून जिवंत परतण्याची विद्या

1980च्या सुमाराला कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेतल्या मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या दोन विद्यार्थ्यांना ‘ॲडव्हेंचर’ या संगणकावरच्या खेळातली एक उणीव खुपत होती. त्यात पडद्यावर नुसते शब्द उमटायचे. खेळाडूनं गुहेत शिरायचं, वस्तू गोळा करायच्या, कोडी सोडवायची. पण कोडी एकदा सुटली की संपलं; दुसऱ्या खेपेला त्यात काही राम उरत नसे. या दोघांना असा खेळ हवा होता, की तो लिहिणाऱ्यालाही पुढच्या दारामागे काय आहे याचा पत्ता नसावा. त्यातून ‘रोग’ हा खेळ तयार झाला. एक खोल भुयार, 26व्या मजल्यावर येंडरचा ताईत, आणि तो उचलून पुन्हा पायऱ्या चढत वर उजेडात यायचं. खेळाडू म्हणजे ई-मेलच्या पत्त्यात असतं ते ‘ॲट’चं चिन्ह, आणि रोमन लिपीतलं एकेक अक्षर म्हणजे एकेका जातीचा राक्षस. पडद्यावर हवं तिथे हवं ते अक्षर उमटवण्याची सोय केन अरनॉल्डनं बर्कलीत लिहिलेल्या ‘कर्सेस’ या प्रोग्रामसंग्रहानं करून दिली होती. पुढे टॉय बर्कलीला गेला आणि अरनॉल्डही या कामात सामील झाला.

या खेळाचे दोन नियम असे होते की त्यांनी एका अख्ख्या परंपरेचा पाया घातला. पहिला नियम: प्रत्येक डावाला भुयार नव्यानं आखलं जाणार. खोल्या, बोळ, राक्षस, वस्तू सगळं बदलणार. मागच्या डावात निळ्या रंगाचं औषध जखम भरून काढणारं होतं, तर या डावात तेच आंधळं करणारं निघेल. दुसरा नियम: मेलात तर मेलात. सेव्ह केलेला डाव पुन्हा उघडला की सेव्हची फाइल पुसली जाणार, म्हणजे मागे जाऊन चूक दुरुस्त करण्याची वाटच बंद. पहिल्या नियमामुळे ‘डावीकडे वळा, मग किल्ली उचला’ अशा थाटाची मार्गदर्शिका निरुपयोगी ठरली. रमीत पानं दर डावाला वेगळी येतात, म्हणून कुठलं पान कधी टाकायचं याची यादी कुणी देऊ शकत नाही. पण खेळायची रीत मात्र शिकवता येते, तसंच हे. दुसऱ्या नियमामुळे ती रीत शिकण्याची किंमत भयंकर वाढली. एका डावातून दुसऱ्या डावात तलवार नेता येत नाही, सोनं नेता येत नाही. नेता येतं ते फक्त डोक्यात साठलेलं ज्ञान. आणि ते पुरेसं साठवायला एकाच डोक्याला फार म्हणजे फार वेळा मरावं लागतं. म्हणून माझं म्हणणं असं, की या खेळांत तग धरण्याच्या युक्त्या ही बाहेरून चिकटलेली पळवाट नाही. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा ही त्या खेळाची मूळचीच घडण आहे. तो एकट्यानं जिंकावा अशा बेतानं रचला गेला नव्हता आणि वाढला तर नाहीच नाही.

याचा पहिला पुरावा त्या काळच्या यंत्रांतच आहे. 1983मध्ये बर्कलीच्या युनिक्सची 4.2 ही आवृत्ती निघाली आणि तिच्यासोबत ‘रोग’ अमेरिकेतल्या कितीतरी विद्यापीठांत पोचला. तिथे संगणक एकेकाच्या मालकीचा नव्हता. एक मोठं यंत्र, त्याला जोडलेले अनेक टर्मिनल, आणि सगळ्यांचे डाव त्याच यंत्रावर. खेळाडू मेला की पडद्यावर पहिल्या दहांची यादी झळके: कुणाचे किती गुण, कोण कितव्या मजल्यावर कोणत्या राक्षसाच्या हातून मेला. ही यादी नुसत्या मानापमानासाठी नव्हती. रोज ती वाचणाऱ्याला न विचारता कळायचं, की खोलवरच्या मजल्यांवर ट्रोल भेटतो आणि भल्याभल्यांना आडवं करतो. मग शेजारच्या टर्मिनलवर बसलेला सांगायचा, की मोकळ्या खोलीत लढू नकोस, बोळात मागे सरक, म्हणजे एका वेळी एकच अंगावर येईल. दारातून तिरकं जाता येत नाही, तेव्हा दारात उभा राहा. कुणी सेव्हच्या फाइलीत फेरफार करून मृत्यू चुकवू पाहत, म्हणून कर्त्यांनी ती फाइल सांकेतिक रूपात लिहायला घेतली. यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. कर्त्यांनी बंदोबस्त केला तो मेलेल्याला उठवण्याचा. एकमेकांना शहाणं करण्याचा बंदोबस्त त्यांनी केला नाही, आणि तो करता आलाही नसता.

दुसरा पुरावा जास्त मजेदार आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठात मायकेल मॉल्डिन, गाय जेकबसन, अँड्र्यू ॲपल आणि लेनर्ड हेमी यांनी ‘रोग’ खेळणारा प्रोग्रामच लिहिला, नाव ‘रोग-ओ-मॅटिक’. माणूस पडदा वाचतो तसा तो पडदा वाचायचा आणि माणूस कळा दाबतो तशा कळा पाठवायचा. 1984मध्ये त्यांनी त्यावर निबंध प्रसिद्ध केला, तोवर हा प्रोग्राम तिथल्या मुरलेल्या खेळाडूंना मागे टाकू लागला होता. तो जिंकायचा कशानं? वेगानं नव्हे, हा खेळ पाळीपाळीनं चालतो, तुम्ही तासभर विचार करत बसलात तरी राक्षस जागचा हलत नाही. तो जिंकायचा ते अनुभवी खेळाडूंची रीत नियमांच्या रूपात त्याच्यात भरली होती म्हणून: कधी लढायचं, कधी पळायचं, कधी विसावा घ्यायचा, अन्न संपत आलं की काय करायचं. शिवाय त्याच्याकडे डाव संपल्यावरही टिकणारी स्मरणाची फाइल होती. कोणता राक्षस किती जोरात मारतो याच्या नोंदी एका मरणातून दुसऱ्या डावात जायच्या. म्हणजे संगणकशास्त्राच्या लोकांनी जेव्हा शांतपणे बसून विचार केला, की या खेळात टिकायला नेमकं काय लागतं, तेव्हा त्यांच्या हाती आली ती मेलेल्यांची टिपणवही.

ही वही खरी फुगली ती ‘नेटहॅक’मुळे. ‘रोग’चा मूळ कोड मोकळा नव्हता, त्यामुळे मॅसॅच्युसेट्समधल्या लिंकन-सडबरी हायस्कूलच्या जे फेनलसननं मित्रांच्या मदतीनं 1982च्या सुमाराला ‘हॅक’ हा नवा खेळ मुळापासून लिहिला. ॲमस्टरडॅमच्या गणित केंद्रातल्या आंद्रिस ब्रौवरनं त्याचा मोठा विस्तार करून 1984च्या अखेरीस तो यूजनेट या चर्चागटांच्या जाळ्यावर सोडला. 1987मध्ये माइक स्टीफनसन, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवणारे इझ्चाक मिलर आणि जॅनेट वॉल्झ यांनी दूरदूर बसून, नेटवरून जुळवाजुळव करत त्याचा ‘नेटहॅक’ केला. त्यात एका गोष्टीचा दुसरीशी लागलेला संबंध इतका बारीक आहे की थक्क व्हावं. कॉकाट्रिस नावाचा एक किरकोळ दिसणारा प्राणी घ्या. उघड्या हातानं त्याला स्पर्श केला तर खेळाडू दगड होतो. पण हातमोजे घालून त्याचं मढं उचललं तर तेच शस्त्र बनतं. ज्याला लावाल तो बहुधा दगड. इथवर एखादा हुशार माणूस आपल्या डोक्यानं पोचेल. पुढची मेख अशी, की ते मढं हातात धरून चालताना तुम्ही खड्ड्यात पडलात, किंवा पाठीवर फार ओझं घेऊन जिना उतरताना घसरलात, तर ते तुमच्याच अंगावर येतं आणि दगड तुम्ही होता. हे कुणीतरी आधी मरून सांगितल्याशिवाय कळणार कसं? यूजनेटवरच्या नेटहॅकच्या गटात अशा मरणांच्या हकिकती लिहिण्याची प्रथाच पडली, ‘आणखी एक मूर्खपणाचं मरण’ या मथळ्याखाली. जिंकणारेही आपली हकिकत लिहीत. पण हरणाऱ्यांच्या हकिकतींतून नवखा जास्त शिकत असणार, हे सांगायला नकोच.

या हकिकती आणि नेटहॅकचा मोकळा असलेला मूळ कोड यांच्या मंथनातून ‘स्पॉइलर’ नावाच्या लांबच लांब फाइली निघाल्या. त्यातली दुकानाची युक्ती जवळून बघण्याजोगी आहे. खेळात सापडलेल्या स्क्रोलवर काहीतरी अगम्य शब्द लिहिलेला असतो. वाचल्याशिवाय त्याचा गुण कळत नाही आणि वाचणं जिवावर बेतू शकतं. पण दुकानदाराला तो काय आहे ते ठाऊक असतं, आणि भाव तो मालाच्या मूळ किमतीवरून सांगतो. मूळ किंमत 20 असलेला स्क्रोल एकच: वस्तूंची ओळख पटवणारा. 60चा म्हणजे शस्त्राला धार चढवणारा. 80च्या गटात चिलखत बळकट करणारा आणि शाप उतरवणारा, दोन्ही कामाचे. 100चा गट मात्र फसवा; त्यात दुसरीकडे उडवून नेणारा स्क्रोल आहे आणि अंगावरचं चिलखत भस्म करणाराही. तेव्हा विकायचं नसलं तरी दुकानदाराला भाव विचारायचा, तो मूळ किमतीच्या निम्मे किंवा तिसरा हिस्सा देऊ करतो, त्यावरून हिशेब मांडायचा आणि माल परत पिशवीत टाकायचा. दुकान नसेल तर पाळलेल्या कुत्र्याकडे बघायचं: वस्तूवर पाय ठेवायला तो का-कू करत असेल तर ती शापित. प्रार्थनेचाही असाच रूढ हिशेब आहे. ताकद सातव्या हिश्शाच्या खाली आली तर देव धावून येतो, पण डावाच्या पहिल्या तीनशे चालींत हाक मारू नये, आणि एकदा मारली की पुढच्या हजारभर चाली त्याला त्रास देऊ नये. देवालाही ‘आत्ताच तर आला होतास’ असं वाटतं, ही कल्पना ज्यानं काढली त्याला दाद द्यायला हवी.

इथे पहिला आक्षेप उभा राहतो, आणि तो गंभीर आहे. कोड वाचून काढलेले असे तक्ते समोर ठेवून खेळणाऱ्यानं शोधण्याचा आनंद स्वतःच्या हातानं घालवला, मग उरलं काय? मला हा आक्षेप अर्धा मान्य आहे. भावाचा तक्ता स्वतः मांडण्यात मजा असते आणि ती वाचणाऱ्याला मिळत नाही. पण यातून युक्त्या खेळाबाहेरच्या ठरत नाहीत, कारण खेळच त्या विकतो. पाचव्या ते नवव्या मजल्याच्या दरम्यान डेल्फीची भविष्यवेत्ती बसलेली असते. 50 मोहरा दिल्या तर ती एखादं छोटंसं वाक्य सांगते, मोठी दक्षिणा दिली तर सविस्तर उपदेश. फॉर्च्युन कुकी फोडली की आत चिठ्ठी निघते. खेळाच्या कोडमध्ये त्या चिठ्ठ्यांच्या दोन वेगळ्या फाइली आहेत, एक खऱ्या अफवांची, दुसरी खोट्या. म्हणजे ऐकीव माहिती कितपत खरी मानायची हा प्रश्नसुद्धा खेळाच्या पोटात घातलेला आहे. त्याहून बोलका प्रकार ‘बोन्स’चा. खेळाडू मेला की कधीकधी तो मजला जसाच्या तसा जपून ठेवला जातो आणि त्याच यंत्रावर नंतर खेळणाऱ्या कुणाच्या तरी वाट्याला येतो: मेलेल्याचं सामान, बरंचसं शापित झालेलं, आणि राखणीला त्याचं भूत. एखाद्याचं मरण दुसऱ्याच्या डावात असं उघड उघड आणून टाकणाऱ्या खेळाला एकांतातली साधना म्हणणं जमत नाही.

दुसरा आक्षेप नशिबाचा. सगळंच फाशांवर ठरत असेल तर युक्त्यांचा टेंभा कशाला? याला आकडेच उत्तर देतात. 2001पासून चालू असलेल्या नेटहॅकच्या सार्वजनिक सर्व्हरवर सुरू झालेल्या डावांपैकी शेकडा एकही शेवटाला जात नाही. त्यात अर्धवट सोडलेले आणि गंमत म्हणून मारलेले डावही मोजलेले आहेत, हे खरं. पण त्याच सर्व्हरवर वीसहून जास्त डाव सलग जिंकलेले खेळाडूही आहेत. फासे दोघांसाठी सारखेच पडतात. एकाला शंभरात एकदाही जमत नाही आणि दुसरा ओळीनं जिंकत जातो, तेव्हा मधलं अंतर नशिबाचं नसतं. जुन्या ‘रोग’बद्दल हा दावा मी इतक्या ठामपणे करणार नाही, तिथे अन्नच सापडलं नाही तर शहाणपण उपाशी मरायचं.

युक्त्या पसरल्या की खेळ सोपा होऊन मरतो, असंही म्हटलं जातं. इतिहास उलटं सांगतो, कारण कर्तेही युक्त्या वाचत होते. धुळीत बोटानं ‘एल्बरेथ’ हा टोल्किनच्या कथाविश्वातला शब्द लिहून त्यावर उभं राहिलं की बहुतेक राक्षस हल्ला करायचे टाळतात (माणसं आणि मिनोटॉर जुमानत नाहीत), ही ‘हॅक’पासून चालत आलेली युक्ती वर्षानुवर्षं नवख्यांना सांगायचा पहिला मंत्र होती. तिचा अतिरेक झाला. लोक त्या शब्दावर उभे राहून निर्धास्त वार करू लागले. 2015च्या अखेरीस 3.6.0 ही आवृत्ती आली तेव्हा नियम बदलला: त्यावर उभं राहून वार केला की शब्द पुसला जाणार. लोखंडी शस्त्रानं काळ्या पुडिंगचे तुकडे करत राहून त्यांच्यापासून सामानाचं पीक काढण्याची शेतीही त्याच वेळी बंद पडली. इकडे मुरलेल्या खेळाडूंनी आपणहून व्रतं घेतली होती, आणि पुढे खेळच त्यांची नोंद ठेवू लागला: मांसाहार करायचा नाही, शस्त्र धरायचं नाही, देवाचं नाव घ्यायचं नाही, एकाही प्राण्याला स्वतःच्या हातानं मारायचं नाही, काही खायचंच नाही. सगळ्यात गंमतीचं व्रत निरक्षरतेचं. कुकीतली चिठ्ठी वाचली तरी ते मोडतं आणि धुळीत ‘एल्बरेथ’ लिहिलं तरीही. हजारो ओळींचे स्पॉइलर वाचून मुखोद्गत असलेल्या माणसालाच हे व्रत पेलतं, हा त्यातला विनोद.

सर्वांत बळकट आक्षेप मात्र खेळाडूंकडून नव्हे, दुसऱ्या एका खेळाकडून आला. लिन्ली हेन्झेलनं 1990च्या दशकात लिहिलेल्या ‘डंजन क्रॉल’चा 2006पासून ‘स्टोन सूप’ या नावानं सामूहिक विस्तार होतो आहे. त्यांचं लेखी धोरणच असं, की बाहेरचं काही न वाचता खेळ जिंकता आला पाहिजे. ज्ञान लपवून आणलेला अवघडपणा हा रचनेचा दोष. त्यांच्या खेळात राक्षस किती घातक आहे ते पडद्यावरच विचारता येतं. यात मोठं तथ्य आहे. जपानमधल्या नामको कंपनीचा 1984चा ‘द टॉवर ऑफ ड्रुआगा’ हा खेळ आठवावा: 60 मजले, जवळजवळ प्रत्येक मजल्यावर एक लपलेली पेटी, आणि ती कशानं प्रकट होईल याचा तसूभर सुगावा नाही. खेळघरांत ठेवलेल्या वह्यांत लोक शोध लिहून ठेवत, म्हणून तो मनोरा चढता आला. तिथे ज्ञान म्हणजे कुलपाचा आकडा होता. कळला की काम भागलं, विचाराला जागा नाही. पण भुयाराच्या खेळांतली विद्या त्या जातीची नाही. ‘क्रॉल’मध्ये राक्षसाची सगळी माहिती समोर असूनही नवखे धडाधड मरतात, आणि त्यांच्यासाठीही सल्ल्यांचे ढीग लिहिले गेलेच आहेत: जिना पाठीशी ठेव, निसटायची वस्तू जीव जायच्या आधी वापर, मागाहून वापरीन म्हणून साठवू नकोस. म्हणजे ‘क्रॉल’नं लपवालपवी काढून टाकली, आणि तरी शिकवण्याची गरज शिल्लक राहिली. माझ्या मते हा पुरावा आक्षेपाच्या बाजूनं कमी आणि माझ्या बाजूनं जास्त पडतो.

अलीकडचा प्रसंग यंत्रांचाच आहे. 2015मध्ये ‘बॉटहॅक’ नावाचा प्रोग्राम नेटहॅक अखेरपर्यंत जिंकणारा पहिला प्रोग्राम ठरला. त्यात खेळाडूंच्या रीती हातानं लिहिलेल्या नियमांच्या रूपात भरल्या होत्या. 2020मध्ये फेसबुकच्या संशोधकांनी नेटहॅकला कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कसोटीचं मैदान बनवलं आणि 2021च्या न्यूरिप्स परिषदेत त्याची स्पर्धा भरवली. बुद्धिबळ आणि गो या खेळांत यंत्रांनी माणसाला मागे टाकून काही वर्षं लोटली होती, तेव्हा पडत-झडत आपलं आपण शिकणारी न्यूरल जाळी इथेही बाजी मारतील अशी अटकळ होती. पहिला आला तो ‘ऑटोअसेंड’ हा नियमांवर चालणारा प्रोग्राम. लांब तलवार कारंज्यात बुडवत राहिलं की एक्सकॅलिबर मिळते, ही कुणाच्या स्वप्नातही न येणारी जुनी युक्ती त्याला लिहून दिलेली होती, आणि सोकोबान नावाच्या कोड्याच्या मजल्यांवर दगड कसे ढकलायचे तेही. ताईत घेऊन वर मात्र त्या स्पर्धेतला एकही प्रोग्राम आला नाही.